रोजच्या वापराचा घडीचा चाकू: घेताना काय बघावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ठाण्यात राहता. गोडाऊनमध्ये दिवसभर खोकी उघडावी लागतात, दुपारी डब्याबरोबर एखादं फळ कापता, महिन्यातून एकदा सह्याद्रीत ट्रेक असतो आणि कामासाठी दिल्लीला विमानाने जाणं-येणं होतं. अडीच हजारांच्या आत आयुष्यभर टिकेल असा घडीचा चाकू हवा आहे. तुमच्या यादीत चार आहेत: जरा ढकललं की स्प्रिंगने झटकन उघडणारा काळा 'टॅक्टिकल', डी-टू नावाच्या कडक पोलादाचा एक चिनी, लाल स्विस आणि लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल. इंग्लंडमधल्या भावालाही तसाच एक द्यायचा आहे आणि अकरा वर्षांचा मुलगा 'मलाही हवा' म्हणतो. मध्येच 'वेळप्रसंगी स्वसंरक्षणालाही' असं एक वाक्य आहे. त्याबद्दलही लिहितो.

आमची रत्नागिरी जिल्ह्यात आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी आहे. घडीचा चाकू सकाळी खिशात जातो तो दिवेलागणीलाच बाहेर निघतो, आणि कलमं बांधणाऱ्या सगळ्यांच्या चाकूंना धार लावायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे चाकू विकत घेताना कसा दिसतो यापेक्षा दोन पावसाळे काढल्यावर त्याचं काय होतं, हे मी जास्त पाहिलं आहे. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलं आहे. तुमचं काम वेगळं आहे, तेव्हा जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

तुमची खरी अडचण चारांतला एक निवडण्याची नाही. एकाच चाकूवर तुम्ही तीन कामं टाकता आहात आणि ती एकमेकांशी जमत नाहीत. खोकी कापणं हे चाकूच्या धारेचं सगळ्यात वाईट काम. पुठ्ठ्यात धूळ असते, खनिज भुकटी असते, आणि ती धार खाते. चिकटपट्टीचा गोंद पात्यावर बसतो तो वेगळाच. तेच पातं दुपारी पेरूला लावायचं म्हणजे आधी ते घासत बसा. म्हणून पहिला सल्ला: गोडाऊनसाठी मोडत्या पात्याचा साधा कटर घ्या. १९५६ साली जपानमध्ये निघालेली ही वस्तू, आणि खोक्यांसाठी तिच्याहून सोयीचं दुसरं काही अजून माझ्या हाती आलेलं नाही. टोक बोथट झालं की मोडून टाकायचं. आता खिशातल्या चाकूकडे फळं, भाजी, दोरी, सुतळी, एखादं पाकीट आणि ट्रेकमधली बारीकसारीक कामं एवढीच उरली, आणि निवड सोपी झाली.

आता मी काय बघतो ते सांगतो. पहिली गोष्ट पोलादाचं नाव नाही, पात्याची जाडी. जाहिरातीत जाडी अभिमानाने सांगतात: तीन मिलिमीटर, साडेतीन मिलिमीटर, 'हेवी ड्यूटी'. कापायचं असतं तेव्हा हीच जाडी आडवी येते. गाजर घ्या आणि जाड पात्याने मधोमध दाबा. पातं अर्ध्यात गेलं की गाजर कडकन फाटतं. धार आपलं काम करते, पण मागून येणारी जाड पाठ पाचरीसारखी घुसते आणि गाजर चिरायच्या ऐवजी फोडते. ओपिनेलचं पातं पाठीशी पावणेदोन मिलिमीटरांच्या आत असतं आणि धारेकडे निमुळतं होत जातं. ते त्याच गाजरातून आवाज न करता खाली उतरतं. दुकानात गाजर कापून बघता येत नाही, म्हणून धारेच्या जरा वर, दोन्ही बाजूंनी, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातं हलकेच धरून बघा. तिथे जाड लागलं तर पुढे पोलाद कितीही भारी असो, मी तो चाकू खाली ठेवतो. नवीन धार बोथट झाल्यावर अशा पात्याला पुन्हा धार आणायला दगडावर फार वेळ जातो, आणि माणूस कंटाळून नाद सोडतो.

कलमाचं उदाहरण देतो म्हणजे धारेबद्दल माझा एवढा आग्रह का ते कळेल. जून-जुलैत कोय कलम करताना (म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवताना) कोवळं रोप पंधरा-वीस दिवसांचं असतं, पानं अजून तांबूस असतात. वर बसवायच्या काडीला चार-पाच सेंटीमीटरची पाचर काढायची, ती एकेका बाजूला एकाच ओढीत आणि अगदी सपाट. धार उतरलेली असेल तर पातं काडीची साल चेचत जातं, कापाच्या कडा ओल्या आणि तुसासारख्या दिसतात, आणि अशी जोडणी धरत नाही, काडी काळी पडते. कलमाचे चाकू म्हणूनच एका बाजूने घासलेले असतात, कारण सपाट कापासाठी तेच बरं. तुम्हाला कुणी 'शेतीचा चाकू चांगला' म्हणून तसला घ्यायला सांगेल. घेऊ नका. एका बाजूने धार असलेलं पातं सफरचंदात सरळ उतरत नाही, एका अंगाला ओढतं. रोजच्या कामाला दोन्ही बाजूंनी सारखं घासलेलं पातंच हवं.

आता पोलाद. मी पहिल्यांदा विचारतो: याला घरच्या दगडावर धार लावता येईल का? त्यानंतर: आपल्या हवेत गंज किती लवकर धरेल? धार किती दिवस टिकते हा प्रश्न मी शेवटी ठेवतो, आणि इथे बरेच जण माझ्याशी सहमत होणार नाहीत. स्विस म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेल या पोलादाचा कडकपणा मोजायच्या मापावर ५६च्या आसपास असतं. अडीच-तीन हजारांतल्या डी-टूपेक्षा ते लवकर बोथट होतं हे खरं आहे. पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत उभं राहतं. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला बिनचकाकीचं खरबरीत कडं असतं, त्यावर दहा-बारा वेळा फिरवलं तरी दिवस निघतो. डी-टूमध्ये दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. आकड्यावरून ते स्टेनलेसच्या जवळ वाटतं, पण त्यातलं बरंच क्रोमियम कडक कणांत अडकून पडतं आणि गंज थोपवायला मोकळं उरत नाही. कोकणातल्या किंवा मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत त्यावर तपकिरी ठिपके येतात. शिवाय त्याला नीट धार लावायची तर हिऱ्याची पट्टी लागते. दगडावर बसायची सवय असलेल्या माणसाला डी-टू चांगलं. तुम्ही पहिलाच चाकू घेता आहात, तेव्हा तुमच्यासाठी नको.

ओपिनेल दोन पोलादांत येतो, साधं कार्बनचं आणि स्टेनलेस. कार्बनच्या पात्याला फार सुरेख धार येते, पण आंब्याचा चीक, लिंबू, रातांबा, कच्ची कैरी यांतलं काहीही लागलं की ते काळं-निळं पडतं. तो डाग म्हणजे गंज नव्हे, त्याने पातं बिघडत नाही. मात्र कापून तसंच ओलं घडी केलं, की पावसाळ्यात रात्रीत तांबडा गंज धरतो. ज्याला रोज पुसून तेलाचं बोट फिरवायची सवय आहे त्यानेच कार्बन घ्यावं. तुम्ही ट्रेकहून परतल्यावर सॅक कोपऱ्यात टाकून झोपणारे असाल तर स्टेनलेस घ्या, त्यावर 'इनॉक्स' असं कोरलेलं असतं.

स्वस्तातल्या चाकूंवर लाटांची नक्षी दिसते आणि 'दमास्कस' म्हणून विकतात. खऱ्या दमास्कसमध्ये दोन पोलादांचे थर एकत्र ठोकलेले असतात. स्वस्तातली नक्षी बहुतेक वेळा वरवर उमटवलेली असते आणि दगडावर गेली की पुसट होते. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

लॉकबद्दल, म्हणजे उघडलेलं पातं हातावर मिटू नये म्हणून केलेल्या सोयीबद्दल, तुम्ही बरंच विचारलं आहे. घडीच्या चाकूत मुख्य प्रकार थोडे आहेत. स्विस चाकूत लॉक नसतो, मागची पट्टी स्प्रिंगसारखी दाबून पातं उघडं धरून ठेवते. ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी फिरवायचं धातूचं कडं असतं, ते १९५५पासून आलं. बाकीच्यांत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या मुळाला टेकते, किंवा पाठीवरचा खटका दाबून पातं मिटतं. लॉक हवाच का? कापताना जोर धारेच्या दिशेने असतो, त्याने पातं उघडंच राहतं. मिटायची भीती असते ती टोक खुपसताना, किंवा खोल गेलेलं पातं हिसकून बाहेर काढताना. हे दोन्ही टाळलं तर बिनलॉकचा चाकू आयुष्यभर पुरतो. लॉक असलेल्या चाकूबद्दल मला काळजी वेगळीच वाटते: लॉक आहे म्हणून लोक त्याने डबे उघडतात, खिळे उपसतात, फांद्या फोडतात. सांध्यातली पिन त्यासाठी केलेली नसते, ती सैल होते, आणि मग लॉकचा भरवसा राहत नाही.

दुकानात चाकू हातात घेतल्यावर मी पुढच्या गोष्टी करतो. आधी मिटलेला चाकू उजेडाकडे धरून आत बघतो. पातं दोन बाजूंच्या मधोमध बसलंय की एका बाजूला घासतंय? मग हळू मिटवतो आणि पुन्हा उघडून धारेवर उजेड घेतो. धार नीट असेल तर तिच्यावर उजेड चमकत नाही. एखादा पांढरा ठिपका चमकला तर मिटताना धार तिथे आतल्या स्प्रिंगवर आपटते आहे. हा दोष रोज नवा ठिपका पाडत राहतो. नंतर उघड्या पात्याचं टोक दोन बोटांत धरून बाजूला हलवून बघतो. केसभर हलणं चालतं, टकटक आवाज येत असेल तर नाही. लॉक असेल तर बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूच दाबतो. आपटत नाही, नुसता दाब देतो. लॉक सरकला तर विषय संपला. मग मूठ घट्ट धरून मिनिटभर थांबतो. खिशाला अडकवायची क्लिप तळव्यात रुतते का, हे तेवढ्यात कळतं. शेवटी हात ओला करून उघडून बघतो, कारण पावसात नखाची खाच सापडत नाही असे चाकू बरेच आहेत.

वजनही बघा. शंभर ग्रॅमच्या वरचा चाकू पहिल्या महिन्यात खिशात असतो, नंतर ड्रॉवरमध्ये. स्विसचा स्पार्टन नावाचा साधा चाकू साठ ग्रॅमच्या आसपास भरतो, ओपिनेलचा आठ नंबर (त्यांच्याकडे नंबर म्हणजे आकार) त्याहून हलका. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघून घ्या आणि वर सांगितलेलं सगळं घरी करा. नकली स्विस चाकू बरेच फिरतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं आहे का ते पाहा आणि ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

आता कायदा, आणि इथेच तुमच्या यादीतला काळा चाकू बाद होतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६चे नियम यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू हत्यारांत धरले आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही येत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी हत्यारं बाळगायला बंदी घालू शकतात, आणि त्यात चाकूचा, काठीचासुद्धा स्पष्ट उल्लेख आहे. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश वरचेवर निघतात. तेव्हा तुमच्या शहरात काय चालू आहे हे बघत राहा. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेत बटणाचे, गरारीचे (दातेरी खटक्यावर अडकत उघडणारे), स्प्रिंगने उघडणारे चाकू वेगळे काढलेले आहेत, आणि माप ७.६२ सेंटीमीटर लांबी व १.७२ सेंटीमीटर रुंदीपासून सुरू होतं. स्प्रिंगचा चाकू घेऊन तुम्ही दिल्लीला जाणार असाल तर तो घेऊच नका. विमानात कुठलाही चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकायचा. मेट्रो, मॉल, कोर्ट, स्टेडियम यांच्या दारात तो काढून घेतील आणि परत मिळेल याची खात्री नाही. त्या दिवशी घरी ठेवा.

स्वसंरक्षणाचं ते वाक्य कृपा करून डोक्यातून काढून टाका. घाबरलेल्या हातात तीन इंचांचं पातं आलं की पहिली जखम बहुतेक स्वतःच्या बोटांना होते, आणि समोरच्याला झाली तर पुढची कितीतरी वर्षं तुम्ही तारखांना उभे राहता. पोलिसांनी 'कशासाठी बाळगता' विचारलं तर 'फळ कापायला, दोरी कापायला' हे उत्तर खरं असायला हवं. चाकूचा चेहरासुद्धा तसाच असावा. लाकडी मुठीचा ओपिनेल काढून डब्याशेजारी पेरू कापला तर कुणी मान वर करून बघत नाही. काळा, दातेरी, झटकन उघडणारा काढला की शेजारचा माणूस खुर्ची मागे सरकवतो.

तर आतापर्यंतचं एकत्र करून सांगतो: पातं पातळ, लांबी सात सेंटीमीटरपर्यंत, हाताने उघडणारा, साध्या दगडावर धार धरणारा, स्टेनलेस, शंभर ग्रॅमच्या खाली. तुमच्या चारांतले दोन यात बसतात. शहर आणि प्रवास जास्त असेल तर व्हिक्टोरिनॉक्स. त्याचं मोठं पातं सात सेंटीमीटरच्या आत असतं. कात्री हवी तर स्पार्टनऐवजी क्लाइंबर बघा. सुतळीची टोकं, औषधाची पाकिटं, नखं अशा कामांना मी कात्रीच जास्त वापरतो. खाणं आणि ट्रेक जास्त असेल तर ओपिनेलचा सहा नंबर, स्टेनलेसमध्ये. त्याचं पातं सात सेंटीमीटर असतं. आठ नंबर हातात जास्त छान बसतो, पण साडेआठ सेंटीमीटरचा आहे आणि दिल्लीच्या फेऱ्या असताना मला तो सुचवावासा वाटत नाही. माझ्या मते तुमच्यासाठी स्विस.

ओपिनेलचा एक स्वभाव मात्र माहीत असू द्या. मूठ लाकडाची असल्यामुळे पावसाळ्यात फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. नखाने ओढत बसू नका. कडं मोकळं करा आणि मुठीचं मागचं टोक ओट्यावर ठोका, पातं जरासं बाहेर येतं, मग चिमटीत धरून काढा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घाला. तिथे खोबरेल नको, हिवाळ्यात पहाटेच्या थंडीत ते गोठतं आणि सांधा जड होतो. पात्यावर मात्र खोबरेल उत्तम. फणस कापायच्या आधी पात्याला खोबरेल चोळा, चीक चिकटत नाही.

अडीच हजारांतले सातआठशे रुपये दगडासाठी बाजूला ठेवा, भले चाकू एक पायरी स्वस्त घ्यावा लागला तरी. हजार नंबरचा (नंबर जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक) एक दगड पुरतो. पात्याची रुंदी दोन सेंटीमीटर धरली तर पाठ दगडापासून अर्धा सेंटीमीटर वर ठेवा, म्हणजे साधारण १५ अंश होतात. दगड ओला करा, पातं एका बाजूने फिरवत राहा, आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवून बघा. पूर्ण लांबीभर खरखरीत कड लागली म्हणजे धातू पलीकडे वळला आहे. मगच बाजू बदला. बहुतेक जण ही कड यायच्या आधीच थांबतात आणि 'माझ्या चाकूला धार येत नाही' म्हणतात. दुसऱ्या बाजूलाही कड आली की दाब कमी करत करत दोन्हीकडून आळीपाळीने फिरवा, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-वीस वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोवर नुसतं ठेवून ओढलं की साल तुटली पाहिजे. रस्त्यावरच्या चाकावर देणार असाल तर समोर उभे राहा. कोरड्या चाकावर पातं तापतं, आणि धारेशी निळसर झाक आली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग तिथे धार टिकत नाही.

भावाला देताना जपून. इंग्लंडमध्ये कारण न सांगता बाळगायला परवानगी आहे ती घडीच्या, बिनलॉकच्या आणि ३ इंचांपर्यंतच्या पात्याच्या चाकूला. लॉक असलेला तिथे सबळ कारणाशिवाय चालत नाही, आणि ओपिनेलचं कडं लॉकच धरलं जातं. त्याला मोठं पातं बिनलॉकचं असलेला साधा स्विस द्या, किंवा ओपिनेलचा पाच नंबर, ज्याला कडंच नसतं.

आता मुलगा. अकरा वर्षं हे वय योग्य आहे, तुम्ही शेजारी बसणार असाल तर. ओपिनेल मुलांसाठी गोल टोकाचा चाकू करतं, त्याला कडंही असतं. तो द्या, पण धार नीट लावून. बोथट चाकू मुलाला सुरक्षित म्हणून देतात, आणि मग तो जोर लावतो, पातं घसरतं. नियम थोडेच ठेवा: बसूनच कापायचं, हात लांब करून फिरवला तर कुणाला लागणार नाही एवढी जागा असली पाहिजे, पातं अंगापासून दूर चालवायचं, उठायच्या आधी मिटवायचं, दुसऱ्याला मिटवूनच द्यायचं. सुरुवात अंघोळीच्या साबणाची वडी कोरण्यापासून करा, मग काकडी, मग पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड. शाळेच्या दप्तरात तो कधीही जाता कामा नये, म्हणून काही महिने त्याची जागा तुमच्या कपाटात ठेवा आणि तुम्ही बरोबर असाल तेव्हाच काढून द्या.